उरलेले आकडे

पवनीच्या विणकर सोसायटीत कॉम्प्युटरवर मराठीऐवजी चौकोन उमटले की दामिनीला हाक पडायची. सेटिंगमध्ये शिरून अक्षरांचा कोणता कोड निवडायचा, हे बारा वर्षांत तिच्या हाताला पाठ झालं होतं. त्याच हाताने घात केला.

नवा कॉम्प्युटर आला त्या दिवशी तिने घाईत चुकीचा कोड निवडला, जुन्या फायली एकदम सेव्ह केल्या आणि पेन ड्राइव्हवरही जुन्यांच्या जागी त्याच चढवल्या. प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आलं. सभासदांची यादी कागदावर होती, ती तिने पुन्हा टाइप केली. बाबांची फाईल कागदावर कुठेच नव्हती.

बाबांना, भैय्यालालना, लिहिता येत नसे. एका हिवाळ्यात ते रोज संध्याकाळी सोसायटीत येऊन तिच्याजवळ बसले आणि लुगड्यांचे काठ सांगत गेले, ती टाइप करत गेली. कोणत्या रंगाचे किती धागे, कोणत्या रंगामागून कोणता. "घाई नोको करू वं पोरी, हे माह्या बापाचं हाये," म्हणायचे. घरात नमुना एकही नव्हता. विणकराच्या घरी विणलेलं राहत नाही. चैत्रात बाबा गेले.

आता धाकट्या भावाने, धर्मेंद्रने, सुरतची नोकरी सोडून बाबांचा हातमाग पुन्हा लावला होता. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून तो बसला. आई, विमला, रंगीत सुताच्या लड्या घेऊन शेजारी.

"वाच न वं," धर्मेंद्र म्हणाला.

दामिनीने छापून आणलेला कागद उघडला. "बारा. मंग चार. मंग बारा. मंग सात."

"बारा काय?"

"आकडेच राह्यले, इंग्रजीत होते म्हून. रंग मिटले. माह्या हातानं."

"अन् म्हणे कॉम्प्युटरवाली बाई."

"चूप रे," विमला म्हणाली. तिने लाल लडी उचलली. "बारा लाल असतीन." मग ती ठेवून जांभळी घेतली. हातात फिरवली. "तीस वर्षं मीच लड्या उकलून देत होती वं. तुमचा बाप मांगे, मी देओ. कुठं लावते ते पाह्यलंच नाही."

मग धर्मेंद्रने आईच्या मांडीवरची लाल लडी ओढून घेतली आणि फणीत एकेक धागा ओवू लागला. बाबांचा काठ हा नव्हे, हे तिघांनाही कळत होतं. बारा धागे झाल्यावर त्याने वर पाहिलं.

"चार," दामिनी म्हणाली.