सुनंदा आत, मी दाराबाहेर

सकाळी सातला मोबाइलवर सुनंदाचं नाव दिसलं आणि फोन उचलताच मी सुरू झालो. "आज जमणार नाही. गाडीचं टायर बसलंय, माझी कंबर धरलीय, आणि तुझ्या त्या सक्करदऱ्याच्या उन्हात मी आता उभा राहणार नाही. दुसरा कोणी बघ!" पलीकडे शांतता. मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा तरी हिला गप्प केलं. मग तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "वसंतभाऊ, मी बोलतोय. ताई गेली... पहाटे, झोपेतच." टायर शाबूत होतं. कंबरही. म्हणजे तिला उद्देशून बोललेलं माझं शेवटचं वाक्य खोटं होतं, आणि तेही तिच्या कानापर्यंत पोचलं नाही.

याला आता सात आठवडे झाले. वर्तमानपत्रांत आलं की सामाजिक धोरण आणि मानसिक आरोग्याच्या अभ्यासक गेल्या, समाजकार्य महाविद्यालयात त्यांनी पिढ्या घडवल्या, सरकारी समित्यांवर काम केलं. सगळं खरं. माझ्या लेखी ती आमच्या महाल भागातल्या शाळेत पुढच्या बाकावर बसणारी आणि गुरुजींच्या आधी मागे वळून माझं गणित चुकलेलं सांगणारी मुलगी. पुढे ती डॉक्टरेट झाली, मी वीज खात्यात मीटर रीडर. आमच्या गल्लीचा बरीच वर्षं समज होता की ही सुई टोचणारी डॉक्टर. माझ्या आईनं तिला एकदा गुडघा दाखवला. सुनंदा आईशी तासभर बोलत बसली, गुडघ्याला बोटही लावलं नाही, आणि आई मात्र सांगत सुटली, "पोरीच्या हाताले गुण आहे बापा!"

तिचा विषय एका ओळीत सांगता येतो. मनोरुग्णालयात माणूस बरा होतो, डॉक्टर म्हणतात घरी जा, आणि न्यायला कोणी येत नाही. पत्रं पाठवावीत तर पत्ते जुने. ती परत येतात. "बरं होणं हे अर्धं काम आहे, वसंता. उरलेलं अर्धं घराच्या दारात अडकून राहते." हेच तिनं प्रबंधात लिहिलं, हेच मुंबईच्या आणि दिल्लीच्या साहेबांना ऐकवलं. तुम्ही खाटा मोजता, पण त्या माणसाच्या घरापर्यंत जाणारा एकही माणूस नेमत नाही, म्हणायची. सरकारनं नेमला नाही, म्हणून तिनं मला नेमला. "तुले तर सगळे दरवाजे माहीत आहेत नं गा?" होते ना. कोणतं कुटुंब कुठून उठून कुठे गेलं, हे मीटर रीडरइतकं कोणाला कळतं? झालं. माझे रविवार गेले ते गेलेच.

मीटर रीडरला एक रोग जडतो, आवाजाचा. फाटकातून ओरडलं नाही तर दार उघडत नाही. प्रभाकरच्या बाबतीत तोच नडला. प्रभाकर हा घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, कित्येक वर्षं रुग्णालयात, त्यातली शेवटची अनेक वर्षं ठणठणीत. वॉर्डातलं भिंतीवरचं घड्याळ तोच चालू ठेवायचा. त्याची बहीण शोभा महालात राहते हे मी दोन रविवारांत शोधून काढलं आणि फुगलो. सुनंदा मागे चपलेचा तुटलेला पट्टा बघत थांबली होती. मी पुढे झालो, फाटक धरलं आणि नोकरीतला ठेवणीतला आवाज लावला. "अजी, मनोरुग्णालयातून आलो! तुमचा प्रभाकर बरा झाला, घेऊन जा!"

आत शोभाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. पोह्यांच्या बश्या हातात धरून सहा माणसं माझ्याकडे बघत राहिली. यजमान उठले आणि त्यांनी दार लावलं. गल्लीतल्या बाकीच्या खिडक्या मात्र भराभर उघडल्या. ती सोयरीक मोडली. चार महिन्यांत ते कुटुंब कोणालाही पत्ता न देता घर बदलून गेलं, आणि प्रभाकर होता तिथेच राहिला.

सुनंदा चिडली असती तर बरं झालं असतं. प्रताप नगरला तिच्या घरापर्यंत ती तुटकी चप्पल हातात धरून गाडीवर मागे बसली. उतरताना म्हणाली, "यापुढे तू दाराशी यायचं नाही. गाडीपाशी उभं राहायचं."

"कायमचा?"

"हाव."

पुढच्याच वर्षी तिचा एक अहवाल आला. घरभेटीला जाणाऱ्यानं रुग्णालयाचं नाव लिहिलेली गाडी नेऊ नये, दाराबाहेरून काही पुकारू नये, आत बसवल्याशिवाय कामाचं बोलू नये. शोकसभेत मुंबईच्या एका विदुषींनी या कलमांचं फार कौतुक केलं. केवढी सूक्ष्म जाण, म्हणाल्या. अहो, कसली जाण, तो मी! मला राहवेना, मी अर्धा उठलो. संयोजकांना वाटलं, मला बोलायचंय. त्यांनी माइक आणून पुढे धरला. "पंखा जरा वाढवा," म्हणालो आणि बसलो.

शोभाताईंना पुन्हा शोधायला मला सहा वर्षं लागली. सापडल्या सक्करदऱ्याला. गेलं दीड वर्ष महिन्यातून एकदा आमची तिथे फेरी. सुनंदा आत, मी बाहेर कडुनिंबाखाली. दीड-दीड तास! कडुनिंबाची सावलीसुद्धा कंटाळून समोरच्या भिंतीवर निघून जायची. ती बाहेर आली की मी विचारायचो, "नेणार आहेत का त्याला?"

"नाही."

"मग इतका वेळ काय केलं?"

"बोललो."

"काय बोललात?"

"तुले काय करायचं आहे? चल, गाडी काढ."

आणि तिकडे रुग्णालयात गेलो की प्रभाकर मलाच विचारायचा, "शोभी काय म्हणते?" मी ठोकून द्यायचो, "विचार करून राहिली."

सुनंदा गेल्याचं त्याला सांगायचं मी सात आठवडे टाळलं. परवाच्या रविवारी सकाळी एकदाचा गेलो. तो म्हणाला, "माहीत आहे. पेपर येते वॉर्डात. तुम्ही कधी सांगता म्हणून वाट पाहून राहिलो होतो." मग त्यानं विचारलं, "आता शोभीकडे कोण जाईन?" मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

तसाच सक्करदऱ्याला गेलो. फाटकाशी उभा राहिलो, पण हाक मारवेना. हळू हाक कशी मारतात, हे मला आयुष्यात कधी शिकावंच लागलं नव्हतं. शेवटी शोभाताईच वाळत घातलेले कपडे काढायला बाहेर आल्या.

"तुम्ही ते गाडीवाले नं?" मग निरखून पाहत, "आन् पहिले महालात आलते, तेही तुम्हीच."

"हो."

"माह्या पोरीचं दुसरीकडे चांगलं झालं, म्हणून आत घेऊन राहिली. या."

सुनंदा गेली हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. चहा झाला. शेवटी मी विचारलंच, की ती इतका वेळ इथे काय बोलायची?

"मले एकदाही म्हणाल्या नाही का भावाले घेऊन जा. लहानपणी कसा होता, इतकंच विचारत होत्या. तो बिमार पडल्यावरची आदळआपटच माह्या ध्यानात राहिली होती, भाऊ. त्याच्या पहिलेचा प्रभाकर मी विसरूनच गेली होती. त्या विचारत, तसा तसा आठवे... आता त्याच्याबद्दल मले कोण विचारन?"

माझा जन्म मीटरचे आकडे वाचण्यात गेला. तरी म्हटलं, "मग... कसा होता?"

"असा होता का काय सांगू! बाबाचं गजराचं घड्याळ खोललं, परत जोडलं, आन् एक स्क्रू उरला. तेवढ्यात बाबा आले. यानं तो तोंडात टाकला!" त्या हसायला लागल्या, डोळे पुसत हसल्या, आणि मधेच अडकल्या. "पण गिळला का थुंकला... नाही आठवत मले."

"त्याला आठवत असेल," मी म्हणालो.

त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "भेटू कधीपर्यंत देतात?"

"आज चारपर्यंत."

"थांबा, साडी बदलून येते."

मी सवयीनं बाहेर येऊन गाडीपाशी उभा राहिलो. अर्धा तास झाला. सावली समोरच्या भिंतीवर गेली. मी हॉर्न वाजवला नाही.