चंद्रीची बदली

बदलीचा हुकूम हाती पडल्यावर वरिष्ठांचे उंबरे झिजवणारी, देवाला नवस बोलणारी, डॉक्टरांकडून दुखण्याचे दाखले आणणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. पण तो कागद घेऊन थेट गोठ्यात जाणारा आणि म्हशीला तो मोठ्याने वाचून दाखवणारा माणूस साऱ्या सृष्टीत एकच झाला असावा, आणि तो आमच्या घरासमोर राहत असे. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या बोळात आम्ही त्यांना ‘समोरचे काका’ म्हणत असू. काका एका सरकारी कचेरीत कारकून होते. कसबा बावड्याच्या शेतकरी घराण्यात खुर्ची-टेबलाशी बसून पगार घेणारे ते पहिलेच. त्यांचे थोरले बंधू कारखान्यावर ऊस घालायला निघाले की कधी कधी वाट वाकडी करून कचेरीच्या खिडकीत डोकावत, भाऊ खुर्चीवर बसलेला आहे ना एवढे पाहत, आणि तृप्त मनाने गाडी वळवत.

त्या खुर्चीइतकेच काकांच्या आयुष्यात दुसरे स्थान चंद्रीचे. खरे म्हणजे आधी चंद्रीचे. कपाळावर चांदणीएवढा पांढरा ठिपका असलेली ती काळीभोर म्हैस बोळाकडे पाठ करून उभी असे आणि सगळ्या गल्लीला तो तिचा हक्क मान्य होता. परक्या घरचे दूध काकांनी जन्मात ओठाला लावले नव्हते. “दूध म्हंजे कासंतनं तांब्यात आन् तांब्यातनं पोटात,” ते म्हणत. “मधी कोन पावना नगं.” पहाटेच्या धूसर उजेडात मी तांब्या घेऊन जाई तेव्हा ओल्या वैरणीचा, शेणाचा, नुकत्या पेटलेल्या चुलीच्या धुराचा असा एक उबदार वास दारातच भेटे, आणि त्या वासावर स्वार होऊन काकांचा आवाज येई. “सरक की गं म्हातारे! काय पाटलीन लागून गेलीस व्हय?” हे ऐकले की चंद्री कान हलवी, डोळे अर्धे मिटी, आणि पहिली धार तांब्याच्या तळाशी खणकन वाजे. आमच्या बोळात सूर्य त्या आवाजानंतर उगवत असे. फेसाने पांढऱ्या झालेल्या मिशा पुसत काका मग माझ्याकडे वळत आणि तितक्याच मोठ्याने विचारत, “काय पोरी, अभ्यास हाय का नुस्ताच पुस्तकाचा वास?”

मी पदवीधर झाले आणि दिवाळीनंतरच्या सत्रासाठी रत्नागिरीच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्याची नोकरी मला मिळाली. त्याच आठवड्यात काकांना हेडक्लार्कची बढती मिळाली, तीही रत्नागिरीलाच. वडिलांना आभाळ ठेंगणे झाले. एकटी मुलगी परगावी कशी धाडायची, हा त्यांचा घोर मिटला. काका-काकू गाडी करून निघणार होते, त्यांच्यासोबत मी जावे असे ठरले. गाडी म्हणजे काय, हे कुणी विचारले नाही. ठरल्या पहाटे बोळाच्या तोंडाशी ट्रक उभा होता, आणि लाकडी फळीवरून, गळ्यात नवी घुंगुरमाळ घातलेली चंद्री, सगळी गल्ली मागून ढकलत असताना, वर चढत होती.

काकू आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. काका मागे, कडब्याच्या पेंढ्या, गादीची वळकटी आणि माझी ट्रंक यांच्यामध्ये चंद्रीच्या गळ्यात हात टाकून उभे. “लगीन झाल्यावर मला मेलं छकड्यातनं आनलं,” काकू पदर खोचत म्हणाल्या, “आन् हिला बघ, टरक!” नाक्यावरच्या शिपायाने ट्रक अडवून “काय माल हाय?” असे विचारले, तेव्हा मागून उत्तर आले, “माल न्हाय वो, घरचीच मान्सं हाईत!” शिपायाने कंदील वर केला, चंद्रीने त्याच्याकडे शांतपणे पाहिले, आणि त्याने आदराने आम्हांला वाट दिली. आंबा घाटाच्या वळणांवर मला मळमळू लागले तेव्हा काकांनी मागच्या झरोक्यातून अर्धे लिंबू आत दिले. उरलेले अर्धे चंद्रीने आधीच खाल्लेले होते.

पण त्या प्रवासातली खरी अवघड चढण घाटातली नव्हती. निघण्यापूर्वी काकांच्या साहेबांनी त्यांना सल्ला दिला होता, की तिकडची माणसे शब्द तोलून-मापून वापरतात. हेडक्लार्क झालात, आता आवाज खाली ठेवा आणि भाषा सुधारा. काकांनी तो सल्ला हुकमासारखा घेतला. मलकापुरात चहाला थांबलो तेव्हा ते माझ्यासमोर बाकावर हात बांधून बसले. “पोरी, तू मराठीची मास्तरीन. घाट उतरायच्या आत मला शुद्ध करून टाक.” मी नव्या पदवीच्या उत्साहाने त्यांना ‘हाय’चे ‘आहे’ आणि ‘न्हाय’चे ‘नाही’ शिकवले, वाक्याच्या शेवटी आवाज कसा हलकेच उतरवायचा तेही शिकवले. पुढचा सारा रस्ता ते चंद्रीवर सराव करीत होते. “चंद्रीबाई, आपणांस कडबा हवा आहे का?” असा मंजूळ प्रश्न झरोक्यातून आला, आणि ड्रायव्हरने हसू आवरेना म्हणून ट्रक कडेला घेतला.

रत्नागिरीत उतरलो तेव्हा तांबड्या मातीवर तिरके ऊन पडले होते, वाऱ्याला मिठाची चव होती आणि कुठूनतरी सुकत घातलेल्या मासळीचा वास येत होता. चंद्री नाकपुड्या फुलवून फळीवरच उभी राहिली. घरमालकीणबाईंनी ओटीवरून चष्मा सारखा केला. काका-काकूंना दोन खोल्या आणि पडवी, मागच्या बाजूची एक खोली मला, असे त्यांनी आधीच कबूल केले होते. म्हशीचा विषय निघालेला नव्हता. “अगो बाई,” त्या अतिशय सौम्यपणे म्हणाल्या, “म्हशींच्याही बदल्या होतात वाटतं हल्ली!” काकांनी हात जोडले. “होय. आपली परवानगी असावी,” ते म्हणाले. काकूंनी त्यांच्याकडे वळून असे पाहिले, जणू त्यांच्या नवऱ्याच्या अंगरख्यातून कुणी दुसराच माणूस बोलला होता.

दुसऱ्या दिवशी चंद्रीने दूध दिले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पडवीत बसून काका हळुवारपणे तिची कास कुरवाळत, “चंद्री, कृपा करावी,” म्हणत, आणि ती समुद्राच्या दिशेने तोंड करून दगडासारखी उभी राही. गुरांच्या डॉक्टरांनी तिला तपासले आणि हवा बदलली एवढेच निदान केले. पेंड बदलून पाहिली, गूळ चारला, दृष्ट काढली. काका कोरा चहा पिऊन कचेरीत जात आणि परत येताना इतके खाली बघून चालत, की बाजारातले लोक त्यांना भिडस्त समजू लागले. त्यांनी एके संध्याकाळी अगदी सावकाश, प्रत्येक शब्द शुद्ध उच्चारून सांगितले, “रविवारपर्यंत वाट पाहणार आहे. नंतर राजीनामा देऊन परत जाणार आहे. मुके जनावर माझ्यापायी आटू देणार नाही.” काकू त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन बसल्या. “ह्यांनी खुर्ची सोडली तर बावड्यात तोंड कसं दाखवायचं गं?” त्या म्हणाल्या. “थोरल्या दीरांनी भावकीत पेढं वाटल्यात.” खरे सांगायचे तर माझेही फार बरे चालले नव्हते. शाळेत मुली गोड होत्या, वर्गांतले फळे लखलखीत होते, पण दिवसभरात कुणी मला मोठ्याने हाक मारली नव्हती. रात्री जेवताना घास कोरडा लागत असे आणि त्याला मीठ कमी पडले असावे, अशी मी समजूत करून घेत असे.

रविवार उजाडला. काका न्हाऊन, गंध लावून, तांब्या घेऊन पडवीत आले. मी आणि काकू दाराआड उभ्या. ओटीवर मालकीणबाई वाती वळत होत्या. काका उकिडवे बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, “चंद्री, ही अखेरची विनंती आहे.” चंद्रीने एक पाय उचलला आणि अत्यंत विचारपूर्वक त्यांच्या पायावर ठेवला.

“आगं ए भवाने!” पडवीच्या कौलांवरची कबुतरे उडाली. “पाय हाय का उखळ त्यो? सरक की मागं! कोल्हापूरचं खाल्लंस न्हवं? आठ दिस झालं, उपाशी मारतीस व्हय मला? काय पाटलीन लागून गेलीस गं?”

मालकीणबाईंच्या बोटांतली वात अर्धी राहिली. चंद्रीने पाय उचलला, मान वळवून काकांकडे नीट पाहिले. मग कान हलवले, आणि तिचे डोळे हळूहळू अर्धे मिटले. पहिली धार तांब्याच्या तळाशी खणकन वाजली. त्या आवाजाबरोबर ओल्या वैरणीचा वास, चुलीचा धूर, आमचा सारा बोळ त्या पडवीत येऊन उभा राहिला, आणि दाराआड मी पदराचे टोक तोंडात धरून रडले. काका तांब्या तोंडाला लावून फेसाळ मिशांनी वळले. “तू का रडतीस गं? तुला बी दूध पायजेल व्हय?” मी मान डोलावली. मालकीणबाई उठून भांडे आणायला गेल्या. जाताना म्हणाल्या, “एवढंच होतं, तर पहिल्याच दिवशी ओरडायचंत हो!”

त्यानंतर रत्नागिरीचा तो कोपराही काकांच्या आवाजाने उजाडू लागला. कचेरीतही त्यांनी शुद्धपणाचा नाद सोडला. साहेबाला “व्हय की सायेब” म्हणू लागले आणि साहेबाचे काही बिघडले नाही. पुढे मी तिथेच रुळले, संसार मांडला. काका मुदत संपल्यावर परत गेले, अर्थात ट्रकनेच.

बऱ्याच वर्षांनी, काकू आणि चंद्री दोघीही गेल्यावर, बावड्यात चुलत्यांकडे राहून शिकलेला काकांचा मुलगा त्यांना पुण्याला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी घेऊन गेला. मी भेटायला गेले. घर स्वच्छ, पडदे फिकट, सून अतिशय गुणी. ती वाकून हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा, थोडं दूध घेता का?” खिडकीकडे तोंड करून बसलेले काका तितक्याच हलक्या आवाजात म्हणाले, “नको. आभारी आहे.” सून माझ्याकडे पाहून कुजबुजली, “असंच करतात. जेवतही नाहीत नीट.” काकांच्या वाक्याचा शेवट मी शिकवला होता तसाच, हलकेच उतरला होता.

मी पेला हातात घेतला. वर्गात कधी काढला नव्हता असा आवाज माझ्या गळ्यातून निघाला. “काका! दूध का पीत न्हाईसा वो? काय पाटील लागून गेलासा व्हय?”

सुनेच्या हातातली बशी वाजली. काकांनी सावकाश मान वळवली आणि माझ्याकडे नीट पाहिले. “आयला,” ते म्हणाले, “आमच्या बोळातली पोर हाय की ही!” त्यांनी पेला घेतला, दोन घोट प्यायले, मिशी पुसली. तिच्यावर फेस नव्हता. “पानी हाय नुस्तं,” ते म्हणाले. पण पेला खाली ठेवला नाही. मग माझ्याकडे थोडे झुकून म्हणाले, “वरड की आनखी जरा. बरं वाटतंय.”

मी ओरडले. समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकेक करून उघडत गेल्या.