बिराप्पा भावजींसाठी शोधलेली बैठक

"वहिनी, माघारी जाऊ," बिराप्पा भावजी पुन्हा म्हणाले आणि मी पुन्हा ऐकलंच नाही असं दाखवलं.

जळकोटला एस.टी.तून उतरल्यापासून आम्ही चालतच होतो. आधी गावातून, मग हायवेच्या कडेनं, आता परत गावाकडं. ऊन डोक्यावर आलेलं. शेजारून ट्रक गेला की डोक्यावरचा पदर उडायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "जळकोटला दर रविवारी बैठक भरते. दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात, बोलतात. फी नाही, औषध नाही. यांना तिथं न्या, एकट्यानं निभणार नाही." पण गावात नेमकी कुठं, हे त्यांनाही धड माहीत नव्हतं. दिलेला फोन लागत नव्हता. आणि ती माणसं ना नाव सांगतात, ना पाटी लावतात. मग शोधायचं तरी कसं?

चहाच्या गाड्यावर विचारलं तर चहावाला म्हणाला, "मीटिंग? बचत गटाची ना? ती शुक्रवारी असती." एका म्हातारीनं मला बाजूला घेतलं. "माझं ऐक बाई, हायवेच्या पल्याड एक जण पुडी देतो. गुपचूप कालवणात टाकायची." पुडी नको म्हटलं तर तिलाच राग आला. वर एका शहाण्यानं भावजींकडं बघत मला ऐकवलं, "प्यायला सोबत लागती, आता सोडायलाबी लागती व्हय?" भावजींनी मान खाली घातली. मला असा संताप आला की मी पदर खोचून तरातरा पुढं निघाले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी सासरी आले तेव्हा नुकतं मिसरूड फुटलेलं. दिवसभर मेंढरांमागं, आणि बिरोबाच्या जत्रेत ओव्या म्हणायला उभे राहिले की उठून चाललेली माणसं परत खाली बसायची. दारू त्या ओव्यांपायीच लागली. रात्रभर म्हणायचं तर घसा मोकळा पाहिजे, म्हणून कुणीतरी ग्लास पुढं केला. मग ग्लास राहिला आणि ओव्या गेल्या. हरणाबाई, त्यांची बायको, लेकरं घेऊन परंड्याला माहेरी निघून गेली. आमचे मालक तर सख्खे भाऊ, पण यांच्याशी बोलणं टाकलंय. म्हणून बरोबर मी. दवाखान्यातून आल्यापासून थेंब घेतला नव्हता. पण त्या आठवड्यात दिवस कलला की अंगणात येरझाऱ्या सुरू व्हायच्या. "आता परत पिऊन आले तर माझ्या हातात काही नाही," असं डॉक्टरांनी मला तोंडावर सांगितलेलं.

घरच्यांनी काय करायचं बाकी ठेवलं होतं? आमच्यात शपथ म्हणजे भंडारा उचलणं. बिरोबासमोर हळदीचा भंडारा मुठीत घेऊन शब्द द्यायचा. भावजींनी उचलला, मोडला. पुन्हा उचलला, पुन्हा मोडला. शेवटचा मोडला आणि लगेच कळपातला मोठा मेंढा मेला. देव कोपला, हे त्यांनी मनात धरलं ते धरलंच. तेव्हापासून कुठल्याच गावच्या बिरोबाची पायरी चढत नाहीत. वाटेत देऊळ आलं तर वाकडी वाट करून जातात. मी मंगळवार धरणारी बाई. मला वाटतं, देव इतका डूख धरून बसत नसतो. पण ते ऐकतील तर ना.

शेवटी मला सुचलं. दारू कुणी सोडली हे विकणाऱ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पुढं देशीचं दुकान दिसत होतं.

"तुमी हितंच लिंबाखाली बसा. मी इचारून येते."

"वहिनी, खुळ्या झालाव का? बाईमाणूस देशीच्या दुकानावर? दादा मला जित्ता ठिवंल का?"

"मग तुमी जाताव?"

ते लिंबाखाली जाऊन बसले.

जाळीच्या खिडकीपुढं उभी राहिले तशी बाकावरची माणसं ग्लास धरून बघायलाच लागली. एकानं विचारलं, "मावशी, कुणाला न्यायला आलाव?"

"तुलाच. तुझ्या बायकोनं धाडलंय."

तो ग्लासासकट उठून पलीकडं जाऊन बसला. बाकीचे लई हसले.

खिडकीतला माणूस मात्र सरळ बोलला. "सोडलेल्यांची बैठक ना? माझी चांगली चांगली गिऱ्हाइकं नेली की त्यांनी! आधी शाळेत बसायचे, तिथं रंगकाम निघालंय. आता मागच्या वस्तीवर, बिरोबाच्या देवळात बसत्यात. जावा, चालू झाली असंल."

कपाळावर हात मारून घेतला मी. एवढ्या मोठ्या गावात ह्यांना दुसरी जागा मिळू नये?

भावजींना मी "सापडली" एवढंच सांगितलं. वस्ती आली, देवळाचं पिवळं निशाण दिसलं आणि ते जागीच थांबले. सभामंडपात काही माणसं गोल करून बसली होती. एक जण बोलत होता, बाकीचे ऐकत होते.

"मी आत न्हाय येत."

"भावजी, पाय तुटले माझे चालून. दारूच्या दुकानावर उभी राहिले. आता दोन पायऱ्या चढवंनात तुमाला?"

"कुठल्या तोंडानं चढू? त्याच्या म्होरं शब्द दिला, आता त्याच्याच म्होरं बसून सांगू, मोडला म्हणून?"

"त्याला ठाऊक न्हाय व्हय? तुमी सांगितल्यावरच कळणार हाय का त्याला?"

मला रडू येत होतं, तेही रागानं. दिराच्या हाताला धरून ओढायची आमच्यात रीत नाही, नाहीतर ओढलंच असतं.

आता हे माघारी फिरणार, असं मला वाटलं. फिरले नाहीत. पायऱ्यांपासून जरा लांब, मातीतच उकिडवे बसले, मंडपाकडं कान देऊन. आत बोलणाऱ्याचा आवाज मध्येच बसला. कुणी त्याला घाई केली नाही. भावजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "तुमी जावा आत. एवढंच इचारा त्यास्नी, त्यातला एखादा हितं खाली, माझ्याजवळ येऊन बसंल का."