भुईचं 'कामून'

एक गोष्ट आहे. आईला सांगितली नाही, बहिणीला सांगितली नाही, देवापुढं हात जोडले तरी तेवढी सोडून बाकीचं सगळं बोलले. तुम्हाला सांगतेय, कारण तुमचं-माझं काही देणंघेणं नाही. मधेमधे अडखळेन. माझा धंदाच लोकांना न अडखळता बोलायला शिकवायचा आहे, त्यामुळं हसू आलं तर हसा.

सिडकोत माझा क्लास आहे. दारावर पाटी — 'शुद्ध बोला, निर्भय बोला'. मुलाखतीला जाणारी पोरं येतात, निवेदन करायची हौस असलेल्या बायका येतात, नवे लागलेले शिक्षक येतात. पद्धत सोपी. मनगटात रबरबँड घालायचं. गावाकडचा शब्द तोंडातून निसटला की आपणच ते ओढायचं आणि सोडायचं. महिन्याभरात जीभ बदलते. लोक पेढे आणून देतात मला त्यासाठी.

आणि मी कुठली? क्लासमधले सगळे समजतात पुण्याकडची. मीच तसं सांगितलंय. मी दौलताबादची. किल्ल्याखाली, रस्त्याच्या कडेला, आईच्या शेजारी पाटी मांडून जाम विकत मोठी झाले. तुम्ही पेरू म्हणाल. बसमधून उतरणाऱ्या बायका पेरूच म्हणायच्या. त्या कशा बोलतात ते मी कान देऊन ऐकायचे, आणि बस गेली की पाटीपुढं बसून तसंच म्हणून बघायचे — 'अगं बाई, किती गोड पेरू!' आईला वाटायचं, पोरगी नक्कल करती. नक्कल नव्हती ती. मी तिथून निघायची तयारी करत होते. पण हे कारण म्हणून सांगत नाही हं. कारणं द्यायची झाली तर मला लई येतात.

मुद्द्यावर ये बाई — असं तुम्ही म्हणत असाल. येते.

रेणुका माझ्याबरोबर नाटकाच्या कोर्सला होती; तिथंही मी पुण्याकडचीच म्हणून सांगितलं होतं. पिशोरची, शेतकऱ्याघरची. घरी जशी बोलायची तशीच वर्गात, तशीच सरांपुढं. मी तिला सारखी दुरुस्त करायची. सुट्टीवरून येताना ती शेतातली अद्रक आणायची, आणि मी म्हणायचे, 'अद्रक नाही गं, आलं.' ती हसायची. 'व्हय बाई, आलं. चहात टाक आता.' तिला माझा राग यायचा नाही. तुम्हाला माहितीये, आपला राग न येणाऱ्या माणसाचा आपल्याला किती राग येतो?

कोर्स संपून काही वर्षं झाली होती. एक मराठी मालिका यायची होती, 'सात पहारेकरी'. सात माणसं, प्रत्येकाकडं एकेक अचाट शक्ती, प्रत्येकजण महाराष्ट्राच्या एकेका भागातला. त्यात आपल्या मराठवाड्याची एक बाई होती — भुई. जमिनीवर अनवाणी पाय ठेवला की तिला कोसभर दूरची पावलं ऐकू येतात. त्या भूमिकेसाठी आम्ही दोघी गेलो. निवड करणाऱ्या बाईंनी माझं वाचन ऐकलं आणि म्हणाल्या, तुमची भाषा फार स्वच्छ आहे हो, आम्हाला इथलं बोलणं पाहिजे. इथलं! जे मी वीस वर्षं घासून घासून धुतलं होतं, ते. रेणूला तिथल्या तिथं घेतलं. मी तिला मिठी मारली, डोळ्यांत पाणी आणलं. आणलंच ते — आपोआप आलं नव्हतं.

मालिका सुरू झाली. मी त्यावर लिहायला एक पान उघडलं, 'आठवा पहारेकरी' या नावानं. पुरुष आहे असंच वाटावं अशा थाटात लिहायचे. प्रत्येक भागाची चिरफाड, कोणाची शक्ती मोठी, कोण कुणाला भारी. लोकांना आवडायला लागलं. चाहते एकमेकांशी भांडायचे आणि निवाड्याला माझ्याकडं यायचे. हा आठवा कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. रेणूलाही नाही.

तिसऱ्या भागात ती जागा आली. डोंगराएवढा राक्षस भुईपुढं उभा राहतो आणि विचारतो, तुला माझी भीती वाटत नाही? कागदावर भुईला चांगलं चार ओळींचं भाषण होतं, हे मला रेणूनंच सांगितलं होतं. तिनं ते म्हटलंच नाही. मान वर करून त्याच्याकडं बघितलं, आणि शेताच्या बांधावर कुणाला विचारावं तसं विचारलं — 'कामून?' बस. एवढंच. का भ्यायचं तुला, त्याचं कारण सांग की.

माझ्या अंगावर काटा आला. हे लिहून ठेवा, कारण सगळ्या गोष्टीत हेच सगळ्यात वाईट आहे — मला ते आवडलं होतं. माझी आई गिऱ्हाइकानं घासाघीस केली की अगदी तशीच विचारायची, 'कमी कामून करू?' मी खुर्चीवर बसून रडले, आणि या वेळी पाणी आणावं लागलं नाही.

मग डोळे पुसले आणि ती चित्रफीत कापायला बसले.

दुपारची वेळ, दोन बॅचच्या मधला तास. 'कामून'चा तुकडा तीनदा जोडला आणि शेवटी शेळीचं ब्यां लावलं. वर ओळ टाकली — 'जग वाचवायला निघालात बाई, आधी मराठी तरी वाचवा!' आणि आठव्या पहारेकऱ्याच्या नावानं सोडून दिलं. मग पुढच्या बॅचला 'ण' आणि 'न' शिकवला.

ते पसरलं. कोणी कुत्रं लावलं, कोणी रिक्षाचा भोंगा. कोणी तिच्या तोंडावर म्हशीचं तोंड चिकटवलं. तिचं नावच 'कामूनबाई' पडलं. गुलमंडीत ती आईबरोबर साडी घ्यायला गेली, तर पोरं मागून ओरडली, 'वो देख, कामून जा री!' तिच्या आईला कळेना की लोक आपल्या पोरीला ओळखतायत, तर पोरगी खाली मान घालून का चालती. पसरताना माझं नाव गळून पडलं होतं. मी मूळची चित्रफीत गुपचूप काढून टाकली आणि नामानिराळी झाले.

पण थांबा. अजून सांगायचंय ते सांगितलेलंच नाही. मी फिरतेय नुसती गोल गोल.

त्या हसण्याखिदळण्याच्या गर्दीत, चित्रफीत काढायच्या आधीच, माझ्या पानावर एक प्रतिक्रिया आली होती. पाचोडची मुलगी होती, आठवीतली. मला पाठ आहे, जशीच्या तशी सांगते. 'मी कामून म्हनलं की वर्गातल्या पोरी हासत्यात. आता मी त्यांना सांगते, भुई पन म्हनती. भुईताईला सांगा तुमी लई भारी हाय. बदलू नका.' मी ती वाचली. दोनदा वाचली. आणि काढून टाकली. अशा आणखीही दोन-चार होत्या, त्याही काढल्या. हसणाऱ्यांची एकही काढली नाही.

मग रेणू माझ्याकडं आली. दुसऱ्या पर्वाआधी तिला निरोप मिळाला होता — भाषा सुधारा, नाहीतर तुमच्या तोंडाला दुसरीचा आवाज लावू. 'पिशवीत अद्रक हाय,' म्हणाली आणि पाटीखालच्या बाकावर बसली. मग विचारलं, 'मंगल, तुला एक तरी मानूस भेटलं का गं, ज्याला माझं बोलनं आवडलं? एक जरी असंल ना, तर मी त्यांना सांगते, लावा दुसरीचा आवाज, मी नाय बदलत.'

एक. ती एकच मागत होती. आणि मला ते एक माणूस नावगावासकट माहीत होतं.

मी म्हणाले, 'नाही गं. मला तरी नाही भेटलं.' आणि खणातून रबरबँड काढून दिलं.

महिनाभर ती रोज आली. मी प्रेमानं शिकवलं — हो, प्रेमानंच, हे पण एक बघा. तिच्या मनगटावर लाल वळ उठला, तेव्हा हळद लावून दिली. मीच. आठव्या दिवशी 'नाय' गेलं. पंधराव्याला 'लई' गेलं. 'कामून' मात्र चिवट होतं, ते शेवटपर्यंत झोंबत राहिलं. एका दुपारी मी तिला कंटाळवाणा मोठा उतारा दिला, मुद्दाम चिडवलं, आणि ती वैतागून म्हणाली, 'का?' नुसतं 'का?' मी टाळ्या वाजवल्या. तीसुद्धा हसली. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं, किती चांगल्या मैत्रिणी आहेत.

त्यानंतर तिची आई मला बाजारात भेटली. हसत हसतच सांगत होती. 'पोरगी फोनवर मला म्हनली, आई, आलं ठेवलंय का? मी दाराकडं बघाया लागले, कोन आलं म्हनून.' आणि हसणं थांबल्यावर म्हणाली, 'माझ्याशी पन पाहुन्यावानी बोलती गं आता.' मी म्हटलं, मावशी, शहरात राहिलं की होतं तसं.

दुसरं पर्व आलं. रेणू स्वच्छ बोलली, एकही चूक नाही. आणि लोक काय म्हणाले? तेच लोक, ज्यांनी शेळ्या-म्हशी लावल्या होत्या? म्हणाले, ही आमची भुई नाही, ही बातम्या वाचतेय. पहिली भुई परत आणा. चार भागांतच कथेत भुईला दरीत ढकलून दिलं. आणि मी? मी आठवा पहारेकरी होऊन तिच्यावर मृत्युलेख लिहिला. 'तिच्या एका कामूनमध्ये अख्खा मराठवाडा उभा होता' असं लिहिलं. माझ्या कुठल्याच लिहिण्यावर लोक एवढे रडले नव्हते. लाज कशाशी खातात, हे मला त्या दिवशी तरी कळायला हवं होतं. मी प्रतिक्रिया वाचत बसले होते.

रेणूनं त्या पानावर निरोप पाठवला. 'तुम्ही कोण आहात ते मला माहीत नाही. पण मला समजून घेणारे तुम्ही एकटेच निघालात. आपली ऋणी आहे.' 'आपली ऋणी आहे' — हे मीच शिकवलेलं. उत्तरात मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

गेल्या आठवड्यात ती परत क्लासवर आली. मालिकावाले तिसऱ्या पर्वात भुईला जिवंत करणार आहेत, पण अट घातलीय — पहिल्यासारखं बोलायचं. तिनं करून दाखवलं. 'कामून?' म्हणाली. शब्द बरोबर होता, पण नाटकातल्या बाईनं म्हटल्यासारखा होता. तिलाही ते कळलं. घरी आईचं ऐकून ऐकून म्हणून बघते, म्हणाली, पण आई म्हणते, तू माझी टिंगल करतेस का? तिनं खणातून आपल्या हातानं रबरबँड काढलं आणि मनगटात घातलं. 'आता उलटं शिकव. का म्हणाले की ओढायचं. तू एकदा म्हणून दाखव ना मंगल, मी ऐकते.'

मला येतं. अजून येतं. घरात एकटी असले, दूध उतू गेलं, लाइट गेली, की तोंडातून तेच निघतं, आईसारखं. त्या खोलीत ते फक्त माझ्याकडं होतं. म्हणून दाखवलं असतं तर तिनं विचारलं असतं, तुला कसं येतं गं? आणि एक धागा ओढला की सगळं निघालं असतं — दौलताबाद, पाटी, जाम, शेळी, पाचोडची मुलगी.

मी म्हणाले, 'मला नाही गं जमत तसं.'

'तुला कसं जमणार,' ती म्हणाली, 'तू पुण्याकडची.' तिनंच माझी समजूत घातली.

निघताना ती दारात थांबली. 'पिशवीत आलं ठेवलंय तुझ्यासाठी,' म्हणाली, आणि लगेच चमकली. रबरबँड लांब ओढलं, जुन्या वळावरच सोडलं.

'अद्रक,' असं म्हणून तिनं माझ्याकडं बघितलं, बरोबर आहे का म्हणून.

मी म्हटलं, 'बरोबर.'