तुसाचा डबा

एप्रिल २००८. तिरोड्याच्या एका शाळेतील गाईड मुली तीन दिवसांच्या शिबिराला इटियाडोह धरणावर जाणार होत्या, आणि केशोराव सरांनी यादीतून एकच नाव खोडले होते. समीक्षाचे. तेरा वर्षांच्या त्या मुलीला सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई लागत असे.

"तिथं तंबू हायेत, फ्रिज नाही," सर तिच्या आजीला म्हणाले. "औषध तपून खराब झालं तर जिम्मेदारी कोन घेईल?"

"थंडं राहिलं तर नेसान का तिले?" सुशिलाबाईंनी विचारले.

"तीन दिवस ठेवून दाखवा आजी, मग पाहू."

सर हसले. सुशिलाबाई हसल्या नाहीत. तीस वर्षे त्यांनी राईस मिलमध्ये काढली होती. बर्फाच्या लाद्या तुसात पुरून ठेवतात, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. त्यांनी पत्र्याच्या पेटीत स्टीलचा डबा बसवला आणि मधल्या चार बोटांच्या जागेत धानाचे तूस ठासले. झाकणाखाली ठेवायला तुसाचीच उशी शिवली.

ओले तूस कामाचे नाही, म्हणून ते दिवसभर उन्हात वाळवले होते. गरम होते तसेच भरले, आणि लगेच बर्फ टाकला.

"काऊन वो, म्हातारपनी आइसक्रीमचा धंदा काढून राहिली का?" शेजारच्या मंदाबाईंनी विचारले.

दुसऱ्या दुपारी डब्यात नुसते पाणी होते, आणि तेही मंदाबाईंनी वाकून पाहिले.

बर्फवाल्या मंगरूने पेटी चाचपली. "आजी, डबाच तपलेला होता. थ्याले थंडं करण्यातच बर्फ खपला. आधी डब्याले बर्फ चारा, मग औषधाले."

सुशिलाबाईंनी तेच केले. रात्रभर एक लादी डब्याला चारली, सकाळी ते पाणी फेकले, डबा कोरडा पुसला आणि नवी लादी ठेवली. औषध गोठले तरी वाया जाते, म्हणून बर्फावर जाड फडक्याची घडी आणि तिच्यावर दवाखान्यातून मागून आणलेला फ्रिजचा थर्मामीटर. मग पेटी थेट शाळेच्या व्हरांड्यात नेली.

"तुमच्या डोयासमोर राहू द्या, सर. झाकन दिवसातून दोनदाच उघडाचं."

तीन दिवस सुशिलाबाई व्हरांड्याच्या पायरीवरून हलल्या नाहीत. तिसऱ्या संध्याकाळी पारा सातवर होता; औषधाला आठपर्यंत चालते.

"पन आजी, रस्त्यात..."

"पन-बिन नाही. अट तुमी घातली, पुरी मी केली. आता नाव लिहा."

सरांनी पेन काढले.

शिबिराहून बस परतली तेव्हा पेटी सरांच्याच हातात होती.

"आजी, बेचाळीस डिग्रीत तुमच्या नातीनं मले बर्फाचा एक खडा देला नाही! म्हने, झाकन उघडाची वेळ नाही झाली."

"मंग?" सुशिलाबाईंनी पेटी त्यांच्या हातून घेतली. "बर्फ तिचा होता."