दुसरा हात

इंदापूरच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. जुने केसपेपर रद्दीत गेले, किस्से माझ्याजवळ राहिले. शिक्षण चौथी, पण एकही विसरलो नाही.

नव्वद सालानंतर डॉक्टर म्हणून म्याडम आल्या. वयानं माझ्या मुलीएवढ्या. नियम एकच: बीपी दोन्ही हातांचं घ्यायचं.

बावड्याचे एक आबा चिडले. "दुसरा कशाला? ह्यो काय शेजाऱ्याचा हाय व्हय?"

"शेजाऱ्याचा असता तर त्यालाच बोलावलं असतं, आबा," म्याडम म्हणाल्या.

आबांनी दुसरी बाही वर केली.

*

कपाटावर म्याडमांनी सहा ओळींचा कागद चिकटवला होता. मोठ्या रक्तवाहिन्या सुजण्याचा आजार ओळखायच्या सहा खुणा. दुखणं चाळिशीच्या आत सुरू झालेलं, काम करताना हातपाय भरून येणं, दंडाची नाडी मंद, दोन हातांच्या बीपीत दहाच्या वर फरक, गळ्याच्या हाडाजवळ आवाज, रक्तवाहिन्यांच्या फोटोत बिघाड. तीन जुळल्या तर त्या आजारात धरायचं.

"आणि दोनच जुळल्या तर?" मी विचारलं.

"तरी पेशंटचं ऐकायचं, तात्या."

*

कळंबची सुनंदा आली, वय चोवीस. डावा हात कामाला लावला की भरून यायचा. सोबत सासू. आजार निघाला नाही, तर सुनेला बारामतीला माहेरी सोडायचं, असं ठरवूनच आलेली.

"धुणं वाळत घालताना हात दुखतोय. जेवताना बरा दुखत न्हाय," सासू म्हणाली.

"जेवते उजव्या हातानं, आत्या," सुनंदा म्हणाली.

*

तिचं बीपी मी घेतलं. उजव्या हाताचं नीट मिळालं. डाव्या हाताला ठोकाच ऐकू येईना. बाहेर गर्दी. माझे कान गेले असं कुणी म्हटलेलं मला चालणार नव्हतं. उजव्याचाच आकडा डावीकडं लिहिला.

म्याडमांनी कागद पाहिला. सासू म्हणाली, "बघा, दोन्ही सारखंच हाय. चल, ऊठ."

म्याडम उठून पुढं आल्या. सुनंदाचे दोन्ही हात धरून नाडी पाहिली. डावीकडं बराच वेळ थांबल्या. बीपीचा पट्टा स्वतः बांधला; डावीकडं ठोका त्यांनाही ऐकू आला नाही. मग गळ्याच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवून तो माझ्या कानाला लावला. आत पाइपातून पाणी जोरात गेल्यासारखा आवाज.

त्यांनी बोटांवर मोजलं. पाच खुणा. सहावी, फोटोची, पुण्याला बघायची.

"आजी, सून कामचुकार नाही. तिच्या हाताला रक्तच पुरत नाही."

जाताना पिशवी सासूनं उचलली.

*

माझा डावीकडचा आकडा म्याडमांनी त्याच दिवशी खोडला. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच पेशंटच्या खुर्चीत बसल्या. दोन्ही बाह्या वर.

"तात्या, माझं बीपी घ्या."

उजवं घेतलं. डावं घेतलं. पुन्हा घेतलं. दोन्हीकडं एकच आकडा. पेन हातात तसंच राहिलं.

"म्याडम, ह्यो खरा हाय."

"लिहा, तात्या."