मुलींच्या अपेक्षांची एक ओळ

प्रियदर्शनीला राग आला की नारायण पेठेतल्या त्या अख्ख्या ऑफिसला कळायचं. ती तोंडातून शब्द काढायची नाही, पण एंटरची कळ अशी हाणायची की शेजारच्या टेबलावरची माणसं आपापले चहाचे कप उचलून धरायची. आणि वधू-वर केंद्राचं काम चालू होतं त्या आठवड्यात तर कुणी कप खाली ठेवलाच नाही.

काम तिनंच आणलं होतं. कोंडीरामकाका टेलिफोन खात्यातून रिटायर झाले आणि पर्वतीच्या पायथ्याशी खोली घेऊन समाजातल्या मुलामुलींची लग्नं जुळवायला लागले. प्रियदर्शनीचे वडील हिंमतराव त्यांचे मित्र. हिंमतराव जाऊन वर्षं झाली, पण ओळख टिकली होती, म्हणून तिच्या आईनं, वेणूबाईंनी, लेकीचं नावही तिथंच घातलं. काकांना त्यांची कार्डं कॉम्प्युटरवर हवी होती. त्या काळात ज्याला त्याला सगळं कॉम्प्युटरवर हवं होतं, मग आत काय चाललंय ते कळो न कळो.

तिनं फॉर्म झकास केला. नाव, शिक्षण, नोकरी आणि शेवटी 'अपेक्षा' असा ऐसपैस चौकोन, मुलांना एक आणि मुलींना एक. काका बघून खूश झाले. मग मुलींच्या चौकोनावर बोट टेकवून म्हणाले, हा लहान कर, एका ओळीचा. मुलांचा राहू दे. मुलींच्या अपेक्षा वाचत बसलं तर लग्नं जुळायची नाहीत.

आता यातली मेख ऐका. मोठ्या चौकोनात एंटर दाबलं की खाली नवी ओळ येते, माणूस हवं तेवढं लिहू शकतो. एका ओळीच्या खोबणीत एंटरला कुणी विचारत नाही. चार ओळींचा मजकूर आणून तिच्यात चिकटवा, पहिली ओळ राहते आणि बाकीच्या गुपचूप गायब होतात. चुकलं म्हणून साधी पाटीसुद्धा येत नाही. मुलींचं गाऱ्हाणं नाहीसं करायला याहून सोयीचं यंत्र कुणाला सुचलं नसतं.

प्रियदर्शनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काकांशी भांडली, मग मालकांशी भांडली. मालक गोपाळकृष्ण, खास पेठेतले. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "अहो, आपण सॉफ्टवेअर विकतो. चळवळ चालवायची तर संध्याकाळी सहानंतर."

शेवटी काकांनीच समजूत काढली. पहिली ओळ पडद्यावर दिसेल, बाकीचं मी मुलाकडच्यांना तोंडी सांगत जाईन, असा त्यांनी शब्द दिला. तिनं दात-ओठ खात मुलींच्या चौकोनाच्या 'मल्टीलाइन', म्हणजे अनेक ओळींच्या सोयीपुढचं 'ट्रू' खोडून 'फॉल्स' केलं.

तिच्या स्वतःच्या कार्डावर पहिली ओळ चारचौघींसारखीच होती: पदवीधर, निर्व्यसनी, पुण्यात नोकरी. दुसरी ओळ मात्र तिची होती: लग्नानंतर आई माझ्याजवळ राहील. ज्या बाईनं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटून तिला इंजिनियर केलं, तिला धायरीच्या दोन खोल्यांत एकटी टाकून बोहल्यावर चढायचं नाही, हे तिनं कधीच ठरवलं होतं. ती ओळ मान्य नसेल तर लग्नच नको.

महिन्याभरात पिंपरीहून स्थळ आलं. मुलगा अभिनव चांगला होता, मोकळं बोलत होता. बोलणं लग्नानंतर कुठं घर घ्यायचं इथपर्यंत आलं. आईला खालच्या मजल्यावरचं घर बरं पडेल, गुडघे दुखतात तिचे, असं प्रियदर्शनी सहज बोलून गेली. मुलाच्या वडिलांनी कप बशीत ठेवला. हे आम्हाला कुणी बोललं नव्हतं, म्हणाले. मग हसून, मुलगी बघायला आलो होतो, सोबत सासू मिळते हे ठाऊक नव्हतं. अभिनव पंख्याकडे बघत बसला. आणि वेणूबाई हातात ट्रे घेऊन उभ्या, घाईघाईनं म्हणत होत्या, छे छे, मी हितंच बरी हाय, पोर काहीही बोलती.

पाहुणे गेले तशी तिनं स्कूटीची किल्ली उचलली. आज काकांना सोडत नाही, म्हणाली. वेणूबाई मागं लागल्या, जाऊ दे, कशाला तमाशा. ती ऐकेना, तेव्हा स्वतःच मागं बसल्या. सिंहगड रोडभर त्यांचं तेच पालुपद चालू होतं, आणि ती ऐकत नव्हती.

काकांनी जय भीम केला, तो हवेतच राहिला. शब्द दिला होता, कुठं गेला, असं तिनं उभ्याउभ्या विचारलं. आमचं तोंड एका ओळीत दाबलंत, वर खोटंही बोललात. काकांनी मान खाली घातली. मग वेणूबाईंकडे बघितलं आणि म्हणाले, "मी सांगणारच होतो, पोरी. तुझ्या आईनं येऊन पाया पडून नको म्हणून सांगितलं."

प्रियदर्शनी वळली. वेणूबाई भिंतीकडे बघत बोलल्या, "त्या एका ओळीपायी तीन ठिकाणं गेली. आपोआप खोडली गेली, तर म्हटलं बरंच झालं."

इतके दिवस जपून ठेवलेला सगळा राग एकाएकी भलत्याच माणसाच्या दारात येऊन उभा राहिला. त्या माणसावर ओरडणं तिला जमेना. पण गिळायचा म्हटलं तरी गिळवेना. तिनं काकांना खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. आपलं नाव काढलं. पदवीधर खोडलं, निर्व्यसनी खोडलं, पुण्यातली नोकरी खोडली. मोकळ्या झालेल्या त्या एका ओळीत तिनं लिहिलं: आई माझ्याजवळ राहील.

काका कळवळले. अगं, बाकीच्या अपेक्षा? अशानं कोण येईल?

"एकाच ओळीची जागा आहे ना, काका? भरली."

वेणूबाई पुढं आल्या. प्रौढांच्या वर्गात शिकलेली अक्षरं त्यांनी पडद्यावर बोट फिरवत लावली. लेकीवर त्या चिडल्या होत्या, ते त्यांच्या श्वासावरून कळत होतं. मग पदर खोचून म्हणाल्या, "ऐकायचंच नाही ना तुला? मग नीट लिही. नुसतं आई काय? नाव घाल माझं."